मानधन : एका समासाचा विग्रह

शब्दाचा अर्थ बदलला की भाषेचा अभ्यासक त्या बदलाला अर्थसंकोच, अर्थविस्तार, अर्थापकर्ष असे एखादे नाव देतो आणि पुढच्या शब्दाकडे वळतो. 'मानधन' या शब्दाबाबत मात्र इतक्या निर्विकारपणे पुढे जाता येत नाही. या एका शब्दाच्या अर्थावर महाराष्ट्रातील लाखो बायकांचा महिन्याचा किराणा अवलंबून आहे. किमान वेतन वाढले म्हणजे सरकारसाठी राबणाऱ्या माणसाचे कितपत भले होते, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या विभागाकडे सोपवून आपण भाषा-साहित्याची मंडळी मोकळी होतो. त्याचे उत्तर मात्र पुष्कळदा शब्दकोशापाशी अडलेले असते. म्हणून हा आगाऊपणा.

भारवीच्या 'किरातार्जुनीया'च्या पहिल्या सर्गात युधिष्ठिराने हेर म्हणून पाठवलेला वनेचर दुर्योधनाच्या राज्यकारभाराची बातमी घेऊन परततो. दुर्योधनाच्या धनुर्धरांचे वर्णन करताना तो त्यांना 'मानधन' म्हणतो. मान हेच ज्यांचे धन आहे ते मानधन, सरळ बहुव्रीही. पण भारवी तिथे थांबत नाही. लगेच पुढच्या विशेषणात तो सांगतो की, या मानी वीरांचा राजाने धन देऊनही सत्कार केला आहे. मानी माणसालाही पोट असते, एवढे व्यवहारज्ञान भारवीच्या दुर्योधनाला होते.

मराठीत आल्यावर हा समास बदलला. मानासाठी, मान म्हणून दिलेले धन ते मानधन, तत्पुरुष. आपल्याला हा अर्थ चांगलाच परिचयाचा आहे. व्याख्यानमालेत बोलून झाल्यावर कार्यवाह संकोचाने जे पाकीट हाती ठेवतात ते मानधन. दिवाळी अंकातल्या लेखाचे (आले तर) मानधन. त्यावर आपले घर चालत नाही, चालावे अशी देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची अपेक्षाही नसते. घर चालवायला वेतन वेगळे असते. सरकारच्या स्वतःच्या नियमांतही हाच अर्थ आहे. केंद्राच्या मूलभूत नियमांत, ज्याचे भाषांतर आपण 'मानधन' असे करतो, त्याची व्याख्या साधारण अशी आहे : सरकारी नोकराला त्याच्या नेहमीच्या कामाशिवाय जे प्रासंगिक किंवा अधूनमधून येणारे विशेष काम करावे लागते, त्याचा मोबदला. प्रासंगिक आणि अधूनमधून, हे दोन शब्द ध्यानात ठेवावेत.

कारण २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि गावोगावच्या अंगणवाडीत काम करणाऱ्या बाईला जे पैसे देऊ केले गेले, त्यांना 'मानधन' असे नाव मिळाले. २०२५ साली या योजनेला पन्नास वर्षे पूर्ण झाली. पन्नास वर्षे रोज उघडणाऱ्या केंद्रातील काम प्रासंगिक कसे, याचे उत्तर व्याकरणात सापडत नाही. ज्या बाईला हे मानधन दिले जाते तिला दुसरे वेतन नाही. व्याख्यात्याच्या पाकिटाला जो शब्द शोभतो, तो तिच्या संपूर्ण उपजीविकेला चिकटवला गेला. आणि मग एक मजेशीर (खरे तर मुळीच मजेशीर नसलेली) गोष्ट घडली. पैसे देताना शासन हा शब्द तत्पुरुष मानू लागले आणि काम घेताना बहुव्रीही. देताना : हे वेतन नव्हे, मानाची रक्कम आहे. घेताना : तुम्ही सेविका आहात, मान हेच तुमचे धन आहे.

या विग्रहाची किंमत रुपयांत मोजता येते. १९५७ साली नवी दिल्लीला भारतीय श्रम परिषदेचे पंधरावे अधिवेशन भरले. किमान वेतन कशाच्या आधारे ठरवावे, याचे निकष तिथे मान्य झाले. कमावणारा एक, त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे धरून कुटुंबाची तीन उपभोग-एकके, प्रौढ माणसाला दिवसाला २,७०० कॅलरी अन्न, चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि इंधन, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाच्या २० टक्के. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकोस ब्रेट कंपनीच्या कामगारांच्या खटल्यात त्यात मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणसमारंभ, म्हातारपणची तरतूद यांसाठी आणखी २५ टक्के घालायला सांगितले. अन्न, कापड, छप्पर, दिवा, पाटी, औषध आणि लग्नकार्य : गरीब माणसाच्या संसाराची इतकी नेमकी यादी आपल्या ग्रामीण कादंबरीतही क्वचितच सापडते.

सातव्या वेतन आयोगाने याच निकषांवर हिशेब मांडला आणि १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारच्या सर्वांत खालच्या कर्मचाऱ्याचे किमान मूळ वेतन १८,००० रुपये ठरवले. म्हणजे १८,००० रुपयांच्या खाली सरकारी कर्मचाऱ्याचे कुटुंब नीट जगू शकत नाही, हे सरकारने स्वतःच मान्य केले. त्याच दिवशी केंद्राने ठरवलेले अंगणवाडी सेविकेचे मानधन ३,००० रुपये होते आणि मदतनिसाचे १,५००. राज्याने आपली भर घालूनही महाराष्ट्रात सेविकेला ५,००० आणि मदतनिसाला २,५०० रुपये मिळत. एकाच सरकारच्या हिशेबात एका कुटुंबाला २,७०० कॅलरी लागतात आणि दुसऱ्याला त्याच्या तिसऱ्या हिश्श्यातही भागवता यावे, हा फरक पोटांचा नाही. कुपोषित बालकांचे वजन करणाऱ्या बाईच्या बाबतीत हा हिशेब व्हावा, याला उपरोध हा शब्दही अपुरा आहे.

आता किमान वेतनाकडे येऊ. २४ फेब्रुवारी २०१५ रोजी महाराष्ट्र शासनाने स्थानिक स्वराज्य संस्थांतील (ग्रामपंचायती वगळून) कामगारांचे किमान वेतन सुधारले. मोठ्या शहरांच्या परिमंडळात अकुशल कामगाराला ११,५००, अर्धकुशलाला १३,००० आणि कुशलाला १४,००० रुपये. वाढ खरी होती, भरघोस होती. तिच्यासोबत महागाई निर्देशांकाशी बांधलेला विशेष भत्ताही होता, तो दर सहा महिन्यांनी बदलतो. भाव वाढले की आकडा आपोआप थोडा वर सरकतो, त्यासाठी कुणाला आझाद मैदानात बसावे लागत नाही. अंगणवाडीतल्या बाईवर मात्र या अधिसूचनेचा काडीचाही परिणाम झाला नाही. किमान वेतनाचा कायदा वेतनाला लागू होतो, आणि तिला वेतन मिळतच नव्हते.

मानधन निर्देशांकाप्रमाणे वाढत नाही. ते आंदोलनाप्रमाणे वाढते. २०१७ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमधील दीर्घ संपानंतर सेविकेचे ५,००० चे ६,५०० झाले. २०१८ च्या ऑक्टोबरपासून केंद्राने आपले ३,००० चे ४,५०० केले. पुढची सात वर्षे तो आकडा जागचा हलला नाही. २०२३ च्या फेब्रुवारीतील संपानंतर राज्यात सेविकेला १०,००० आणि मदतनिसाला ५,५०० मिळू लागले. २०२४ साली, विधानसभेच्या निवडणुकीच्या तोंडावर, १३,००० आणि ७,५००. प्रत्येक वाढ 'जाहीर' होते, 'दिली' जाते, तिच्याबद्दल आभार मानले जातात. वेतनवाढीबद्दल कोणी आभार मानत नाही. दिवाळीला कायम कर्मचाऱ्याला सण अग्रिम किंवा बोनस मिळतो. अंगणवाडीतील बायकांना जे २,००० रुपये दिले जात आले आहेत, त्यांचे शासनदरबारातील नाव 'भाऊबीज भेट' असे आहे. बहिणीने ओवाळायचे आणि भावाने तबकात टाकायचे. भावाने किती टाकावे हे कोणत्या कायद्यात लिहिलेले असते?

हा नात्याचा शब्द सोईस्कर आहे, पण तोही एकाच दिशेने चालतो. २०१८ च्या मार्चमध्ये शासनाने अंगणवाडी कर्मचाऱ्यांना अत्यावश्यक सेवा कायदा, म्हणजे 'मेस्मा', लावला. विधिमंडळात गदारोळ झाला आणि त्याला स्थगिती द्यावी लागली, हे खरे. तरी त्या काही दिवसांत जे उघड झाले ते झालेच. संप करू द्यायचा नाही इतकी या बायकांची सेवा अत्यावश्यक. वेतन द्यावे इतकी मात्र नाही. २०२४ साली 'लाडकी बहीण' योजनेचे अर्ज भरून घेण्याचे काम आले तेव्हा प्रत्येक अर्जामागे ५० रुपये देण्याचे जाहीर झाले. एका बहिणीचा अर्ज दुसऱ्या बहिणीने नगावर भरायचा. आरोग्य खात्यातील 'आशा' तर २००५ पासून नगावरच काम करत आल्या आहेत : एका बाळंतपणामागे इतके, एका बाळाच्या पूर्ण लसीकरणामागे इतके. इंग्रजी पदनामाच्या आद्याक्षरांतून 'आशा' हा शब्द ज्याने घडवला त्याला कवीच म्हटले पाहिजे. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने या बायकांचा गौरव केला. मान मिळाला, धनाचा संप पुढच्या वर्षी झाला.

इथे कोणी म्हणेल, आणि आमच्या स्टाफरूममध्ये हे म्हटले जातेच, की ही कामे मुळात सेवाभावाची आहेत. त्यांना पगाराच्या तराजूत घातले की त्यातला ओलावा आटतो. गावात अंगणवाडीच्या बाईला 'ताई' म्हणतात, तिच्या शब्दाला घराघरांत वजन असते, ते पैशाने विकत घेता येत नाही. या म्हणण्यातला पहिला भाग खरा आहे. ताईच्या शब्दाला वजन असते. पण तलाठ्याच्या शब्दालाही असते, आणि आपल्याही, निदान परीक्षेच्या दिवसांत, असते. वेतन आयोगाची थकबाकी हाती पडल्यावर आपला ओलावा आटल्याचे ऐकिवात नाही. सेवा या शब्दाचा मान शासनाला खरोखर किती वाटतो, हेही तपासून पाहता येते. २०२४ च्या सप्टेंबरात मंत्रिमंडळाने 'ग्रामसेवक' हे पदनाम बदलून 'ग्रामपंचायत अधिकारी' करण्याचा निर्णय घेतला. ती त्या संघटित आणि कायम कर्मचाऱ्यांची मागणी होती. ज्याला शक्य झाले त्याने 'सेवक' अंगावरून उतरवून ठेवले. ज्यांना शक्य नाही त्या सेविका राहिल्या.

शब्द बदलून मजुरी चुकवण्याची ही युक्ती नवी नाही, आणि न्यायालयाने ती पूर्वी ओळखलेली आहे. राजस्थानात अजमेर जिल्ह्यात दुष्काळी कामावर एक रस्ता बांधला जात होता. मजुरांना किमान वेतनापेक्षा कमी पैसे मिळत. राज्याचा १९६४ चा एक कायदाच दुष्काळी कामांना कामगार कायद्यांतून सूट देत होता. शासनाचे म्हणणे असे की, हे मदतकार्य आहे, रोजगार नव्हे. १९८३ च्या संजित रॉय खटल्यात न्यायमूर्ती प. न. भगवती यांनी ते फेटाळले. त्याच्या आदल्या वर्षी, एशियाड स्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात, त्यांनी म्हटले होते की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करायला भाग पाडणे ही संविधानाच्या कलम २३ ने मना केलेली वेठ आहे. भूक हीदेखील सक्तीच. या कलमाच्या इंग्रजी पाठातही 'बेगार' हा आपल्याकडचा शब्द जसाच्या तसा ठेवला आहे. घटनाकारांना त्याला इंग्रजीत प्रतिशब्द सापडला नसावा.

घटनाकारांपैकी एकाला या विषयाचे ज्ञान पुस्तकातून मिळवावे लागले नव्हते. १९२८ साली मुंबई विधिमंडळात डॉ. आंबेडकरांनी वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले, तेव्हा त्यांचा एक मुद्दा अगदी साधा होता. महार हा सरकारचा नोकर आहे. रात्री-अपरात्री तो सरकारी काम करतो. टपाल नेतो, सारा गोळा करताना राबतो, साहेबाच्या घोड्यामागे धावतो. मग त्याचा मोबदला सरकारने आपल्या तिजोरीतून द्यावा. वतनाच्या तुटपुंज्या जमिनीवर आणि रयतेने खळ्यात टाकलेल्या बलुत्यावर त्याला का सोडावे? ते विधेयक पुढे मागे घेतले गेले. कनिष्ठ गावकामगार वतने कायद्याने संपायला १९५९ साल उजाडले. दरम्यान १९४६ च्या एप्रिलमध्ये, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे मजूरमंत्री म्हणून, केंद्रीय कायदेमंडळात किमान वेतनाचे विधेयक मांडण्याचे काम त्यांच्याच वाट्याला आले. १९४८ साली ते कायदा झाले. १९२८ आणि १९४६ ही दोन विधेयके शेजारी ठेवून वाचली पाहिजेत. सरकारी काम करणाऱ्याला मोबदला हक्काने मिळायचा की 'घाल माय' म्हणत, हा दोन्हींतला प्रश्न एकच आहे. दलित आत्मकथनांच्या तासाला आपण 'बलुतं' या शब्दाचा अर्थ फळ्यावर लिहून देतो आणि तो भूतकाळात लिहितो.

एवढ्यावरून कोणी असे समजू नये की, कायद्याने ज्यांना 'कामगार' म्हटले त्यांचे सारे सुरळीत आहे. ग्रामपंचायतीचा शिपाई, नळाला पाणी सोडणारा, दिवाबत्ती पाहणारा यांना किमान वेतन लागू होते. कायदा सांगत होता की दर फार तर पाच वर्षांनी सुधारावेत. त्यांचे दर २०१३ नंतर एकदम २०२० च्या ऑगस्टमध्ये सुधारले. वाढीचा काही भार शासन उचलते, पण त्याला वसुलीची अट आहे : गावाची घरपट्टी-पाणीपट्टी ठरलेल्या प्रमाणात वसूल झाली नाही, तर शासनाचा हिस्साही त्या प्रमाणात कमी. म्हणजे दुष्काळी गावातल्या पाणीवाल्याची मजुरी गावकऱ्यांच्या खिशावर अवलंबून. बलुत्याची गोष्ट भूतकाळात लिहू नये, ती एवढ्यासाठी. शिवाय आकृतिबंधात बसतील तेवढेच कर्मचारी शासनाच्या हिशेबात धरले जातात. बाकीच्यांचे पंचायतीने पाहावे.

मुंबईत गोष्ट पुन्हा शब्दावर येते. महापालिकेच्या झोपडपट्ट्यांतील सफाईसाठी 'दत्तक वस्ती योजना' आली, पुढे २०१३ पासून 'स्वच्छ मुंबई प्रबोधन अभियान'. गटार उपसणाऱ्या आणि कचरा उचलणाऱ्या माणसाचे त्यातील नाव 'स्वयंसेवक'. स्वयंसेवक म्हटले की किमान वेतन नको, भविष्य निर्वाह निधी नको, रजा नको, मानधन पुरे. वस्ती दत्तक घेतली, म्हणजे तिथेही नातेच. दुसरीकडे, कचरा वाहतुकीवरील २,७०० कंत्राटी कामगारांनी आपल्या संघटनेच्या बळावर औद्योगिक न्यायाधिकरणात २०१४ साली दाद मिळवली. कंत्राट हा केवळ देखावा आहे, ही माणसे महापालिकेचीच कामगार आहेत, हे २०१७ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयात कायम झाले. आणि तरीही यादीतले नाव व कागदपत्रावरचे नाव यांच्या अक्षरांत फरक आहे म्हणून त्यातले शेकडो कामगार पुढे कित्येक वर्षे रखडले. शुद्धलेखनाचा इतका कडवा आग्रह मराठीच्या पेपरातही कोणी धरत नाही.

अर्थशास्त्रज्ञांचा एक आक्षेप मात्र गंभीर आहे. मजुरी वाढवली की काम देणारा माणसे कमी करतो. देणारे सरकार असले तरी त्याची तिजोरी काही अथांग नाही. हा आक्षेप खोडून काढणे सोपे नाही, कारण त्याचा पुरावा खुद्द महाराष्ट्रात आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९७२ च्या दुष्काळात आकाराला आलेल्या आपल्या रोजगार हमी योजनेतील मजुरीचे दर शेतमजुरांच्या किमान वेतनाशी जोडलेले होते. १९८८ साली ते किमान वेतन दुप्पट झाले आणि त्याबरोबर योजनेची मजुरीही. मार्टिन रॅव्हेलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी या अर्थतज्ज्ञांनी योजनेची महिनावार आकडेवारी तपासली. त्यांचा १९९३ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, या वाढीनंतर मागेल त्याला काम हे तत्त्व ढिले पडले; काम जणू शिधापत्रिकेवरच्या साखरेसारखे मापून मिळू लागले. मजुरी दुप्पट झाली, पण हमी आक्रसली. ज्याला काम मिळाले त्याचे भले झाले आणि ज्याला मिळाले नाही तो रिकाम्या हाताने घरी गेला.

हे मान्य करूनच पुढे बोलले पाहिजे. परंतु यात एक बारीक गोष्ट दडलेली आहे. खाजगी मालक मजुरी वाढली म्हणून माणसे काढतो तेव्हा कायदा करणारा एक आणि तो पाळणारा दुसरा असतो. १९८८ साली दोन्ही शासनच होते. एका हाताने दर वाढवला आणि दुसऱ्या हाताने, कोणताही ठराव न करता, कामांना कात्री लावली. काम मागणाऱ्याला काम द्यावे, हाही कायदाच होता. कायद्याने दिलेला एक हक्क दुसऱ्या हक्काच्या किमतीत वळता करून घेण्याची मुभा फक्त सरकार नावाच्या मालकाला असते. म्हणून किमान वेतनवाढीचा परिणाम सरकारी कामगारांवर काय होतो, हे तपासताना केवळ दर पाहून चालत नाही. दिवस किती मिळाले, माणसे किती ठेवली, आणि उरलेल्यांना कोणते नाव दिले, हेही पाहावे लागते. अंगणवाडीत तर पदे कमी करण्याचीही गरज पडली नाही. नावानेच काम भागले.

आपल्या स्वतःच्या अंगणातले सांगायचे तर, २००० साली राज्यात 'शिक्षणसेवक' योजना आली. नव्या शिक्षकाने पहिली तीन वर्षे मानधनावर काढायची. २०२२ अखेरपर्यंत प्राथमिक शिक्षणसेवकाला महिन्याला ६,००० रुपये मिळत होते, म्हणजे २०१५ च्या अधिसूचनेतील महापालिकेच्या अकुशल कामगाराच्या किमान वेतनाच्या जवळपास निम्मे. (सफाई कामगाराला जास्त मिळाले, याचे दुःख नाही, त्याला मिळालेच पाहिजे.) २०२३ पासून ते १६,००० झाले. शिक्षकाने किमान वेतनाकडे बोट दाखवावे, तर तीही सोय नाही. गोव्यातील एका शिक्षिकेच्या खटल्यात १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, शिक्षकाचे काम अंगमेहनतीचे नव्हे की कारकुनीचेही नव्हे, ते उदात्त व्रत आहे. सबब औद्योगिक विवाद कायद्यात शिक्षक 'कामगार' नव्हे. १९९६ साली हरियाणातील शाळांच्या खटल्यात याच तर्काने शिक्षकांना किमान वेतनाच्या कायद्याबाहेर ठेवले गेले. ज्या शब्दाने आपली मान ताठ होते, त्याच शब्दाने ती कापली जाते, ती अशी. घड्याळी तासिका तत्त्वावर शिकवणारे आपले सहकारी, नेट-सेट आणि पीएच.डी. असूनही, सुट्टीच्या महिन्यांत एक पैसाही न मिळता राहतात. मराठी विभागांत तर त्यांच्यावाचून वेळापत्रकच बसत नाही. त्यांच्या रकमेलाही आपण, वेतनश्रेणीतली माणसे, बोलताना 'मानधन'च म्हणतो.

अलीकडे या समासाचा विग्रह न्यायालयात नव्याने झाला आहे. २००६ साली कर्नाटकातील अमीरबी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की, अंगणवाडी सेविकेचे पद हे शासकीय सेवेतील पद नव्हे. त्यानंतर सोळा वर्षांनी, २५ एप्रिल २०२२ रोजी, गुजरातमधील सेविकांच्या उपदानाच्या, म्हणजे ग्रॅच्युइटीच्या, प्रकरणात न्यायमूर्ती अजय रस्तोगी आणि न्यायमूर्ती अभय ओक यांनी मानधन या शब्दाच्या पलीकडे पाहिले. सेविकेला गुजरातेत तेव्हा महिन्याला ७,८०० आणि मदतनिसाला ३,९५० रुपये मिळत. हे काम अर्धवेळ आहे, हे शासनाचे म्हणणे न्यायालयाला पटले नाही. नियमित कामाबद्दल नियमितपणे दिला जाणारा मोबदला हा उपदान कायद्याच्या अर्थाने वेतनच होय, त्याला काहीही नाव दिलेले असो, असा त्या निकालाचा आशय. निकाल उपदानापुरता होता. त्याने किमान वेतन मिळाले नाही. २०१३ च्या मे महिन्यात भारतीय श्रम परिषदेच्या पंचेचाळिसाव्या अधिवेशनाने योजना-कर्मचाऱ्यांना कामगार मानून किमान वेतन द्यावे अशी शिफारस केली होती. तीही शिफारसच राहिली.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४८ चा कायदा गेला आणि २०१९ ची वेतन संहिता अमलात आली. जुन्या कायद्यात ज्या उद्योगांची नावे अनुसूचीत असत त्यांनाच किमान वेतन लागू होई. आता ती अनुसूची नाही, आणि शासकीय आस्थापनाही व्याख्येत आहेत. संहितेच्या व्याख्येप्रमाणे 'कर्मचारी' म्हणजे आस्थापनेत वेतनावर, मोबदल्यासाठी काम करणारी व्यक्ती, मग कामाच्या अटी स्पष्ट शब्दांत सांगितलेल्या असोत वा नुसत्या ध्वनित असोत. कायद्याने अभिधेइतकीच व्यंजनाही ग्राह्य धरली, ही आपल्यासारख्यांना सुखावणारी गोष्ट. परंतु त्याच व्याख्येत 'वेतनावर' हा शब्द आहे, आणि अंगणवाडीतल्या बाईच्या नेमणुकीच्या आदेशावर 'मानधन' लिहिलेले आहे. राज्याच्या शासन निर्णयांची मराठी घडवणाऱ्यांत आपल्याच विभागांतून एम. ए. झालेले विद्यार्थी आहेत. तो आदेश पुढच्या वेळी टंकलिखित होईल तेव्हा त्या जागी कोणता शब्द पडेल, हे काही अंशी त्यांच्याही टेबलावर ठरणार आहे.